‘डीएनए रिपेअर एपिजेनेटिक प्रोफाइल’ घरपोच : रक्त घेणारा मुलगा एक नंबर, रिपोर्ट मायलोमावाल्यांच्या काही कामाचा नाही

आधीच सांगते, घरात कुणाला मल्टिपल मायलोमा (हाडांच्या आतल्या मॅरोमधल्या प्लाझ्मा सेल नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) असेल आणि कुणी हे पॅकेज घ्यायला सांगत असेल तर घेऊ नका, आणि सोबत येणारी पावडर तर अजिबातच देऊ नका, ती का ते खाली लिहिलंय, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण तेवढं वाचा. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण थोड्याफार फरकाने असली पॅकेजं बरेच जण विकतायत आणि प्रॉब्लेम एका कंपनीचा नाहीचे.

मी सिंधुदुर्गात एका छोट्या लॅबमधे टेक्निशियन आहे, डीएमएलटी केलेली. आमच्या काकांना मायलोमा आहे. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर कंबर दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी ‘आयुष्यभर घाटात गाडी मारली, दुखणारच’ म्हणून बाम चोळला. मग हिमोग्लोबिन खाली, ईएसआर वर, क्रिएटिनिन वर. स्लाइड मीच बघितली होती, लाल पेशी एकमेकींना चिकटून नुसत्या रांगाच रांगा, टोटल प्रोटीन भरपूर पण अल्ब्युमिन कमी, आणि लघवीची पट्टी मात्र जवळजवळ साफ. ही पट्टीची गोष्ट लक्षात ठेवा, ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, मायलोमात लघवीतून जी बेन्स जोन्स प्रोटीन जातात ती तिला बहुतेक दिसतच नाहीत, त्यामुळे ‘युरिन नॉर्मल आहे’ म्हणून निवांत बसणारे खूप. पुढे मुंबईला बोन मॅरोची तपासणी झाली, प्लाझ्मा सेल ४० टक्क्यांच्या आसपास. नॉर्मल माणसात त्या ५ टक्क्यांच्या आतच असतात. इलाज सुरू आहे, बोर्टेझोमिबचं इंजेक्शन पोटावर, डेक्साच्या गोळ्या, लेनालिडोमाइड. आता बरे आहेत, भजनालाही जातात.

तर हे पॅकेज बोरिवलीच्या दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, ऑनलाइन बुक केलं. त्याची पण चूक म्हणत नाही, बाप गावाला आणि आपण तिकडे, मग काहीतरी करायला हवं असं चाकरमान्यांना सारखं वाटतच असतं. वेबसाइटवर लिहिलेलं की कॅन्सरच्या पेशींमधे डीएनए दुरुस्त करणारे जीन एपिजेनेटिक पद्धतीने, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता, बंद पडतात, तुमचे चालू आहेत की बंद ते जाणून घ्या. पैसे पाच आकडी. त्यात काउन्सेलरचा कॉल फ्री आणि एक महिन्याची पावडर फ्री.

पहिल्यांदा चांगलं सांगते. कलेक्शनला कुडाळवरून एक मुलगा आला, भर पावसात, रेनकोटातून पाणी गळतंय पण किटची पेटी आत प्लॅस्टिकमधे कोरडीठाक. आल्याआल्या त्याने हात धुवायला पाणी मागितलं, काकांना त्यांचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्यांच्याच तोंडून विचारली, फॉर्मवर वाचून ‘हेच ना तुम्ही’ असं नाही केलं, हे आमच्या धंद्यातले निम्मे लोक करत नाहीत. काकांच्या शिरा औषधांनी पार बारीक झाल्यात, त्याने दोन्ही हात चाचपले, गरम पाण्याचा फडका ठेवायला सांगितला, बटरफ्लाय सुई काढली आणि एका टोचण्यात जांभळ्या बुचाच्या दोन ट्यूब भरल्या. ट्यूब हलक्या हाताने उलट्यासुलट्या केल्या, लेबलं तिथेच काकांसमोर लावली, घरी जाऊन नाही. थुंकीची एक नळी वेगळी. थर्माकोलच्या डब्यात आइसपॅक, मधे कागद, म्हणजे ट्यूब बर्फाला थेट चिकटायला नको. रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणार म्हणाला, पावसाळी वेळापत्रकात गाड्या उशिराने धावतात म्हणून त्याने जास्तीचा आइसपॅकही टाकला होता. काकीने चहा दिला तर उभ्याउभ्या प्यायला आणि पळाला, अजून दोन घरं होती त्याला. अशी पोरं मला आमच्या लॅबला मिळाली तर मी डोळे मिटून घेईन.

पण मी त्या जांभळ्या ट्यूब बघितल्या तिथेच माझ्या डोक्यात आलं की अरे, हे दंडातलं रक्त नेऊन हे लोक मायलोमाबद्दल काय सांगणारेत?

रिपोर्ट आला तो पीडीएफ, चकचकीत, पानंच पानं. प्रत्येक पानावर दुरुस्तीच्या एकेका जीनचं नाव आणि अर्धगोल मीटर, हिरवा पिवळा लाल, आणि काटा. एमजीएमटी पिवळ्यात, एमएलएच१ हिरव्यात, बीआरसीए१ हिरव्यात, आरएडी२३बी लाल. खाली ‘आंशिक सायलेन्सिंग, उच्च धोका’, म्हणजे जीन अर्धवट बंद. काकांनी मोबाइल लांब धरून बघितलं आणि विचारलं, “बाय, ह्या लाल दिसता ता वाईट काय गो?” आता काय सांगणार.

विषय थोतांड नाहीये, हे आधी कबूल करायला हवं, म्हणूनच तर लोक फसतात. आपल्या डीएनएला रोज मार बसतो, उन्हाने, धुराने, पेशीच्या स्वतःच्या कामकाजाने, आणि तो दुरुस्त करणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत असते. ती कशी चालते ते शोधल्याबद्दल २०१५ सालचं केमिस्ट्रीचं नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार या तिघांना मिळालं. त्यातल्या सँकार यांचं काम ज्या दुरुस्तीवर होतं त्यात खराब झालेला तुकडाच कापून काढतात, साधारण ३० अक्षरांचा, आणि समोरच्या धाग्यावरून तिथे नवीन भरतात. खराबी कुठे आहे ते हुडकायचं मोठं काम एक्सपीसी नावाचं प्रोटीन करतं आणि त्याला आधार देणारं जे प्रोटीन, ते आरएडी२३बी. म्हणजे रिपोर्टातलं नाव हवेतून आलेलं नाही. २००५ मधे आयएल-६ (पेशींना वाढायचा इशारा देणारं शरीरातलं एक प्रोटीन) वर वाढणाऱ्या मायलोमाच्या पेशींवर प्रयोगशाळेत काम झालं होतं, त्यात हाच जीन मिथाइलेशनने बंद झालेला सापडला.

मिथाइलेशन म्हणजे काय तर जीनच्या सुरुवातीच्या भागात जिथे सी अक्षरापुढे जी येतं अशा जागा दाटीने असतात, तिथल्या सी वर मिथाइल नावाचा छोटा गट येऊन बसतो, बरेच बसले की जीन वाचलाच जात नाही. अक्षर एकही बदललेलं नसतं. आपल्या गावात चाकरमान्यांची घरं असतात ना, कौलं शाबूत, भिंती शाबूत, पण कुलूप लावून मंडळी मुंबईला. घर पडलेलं नाही, नुसतं बंद आहे. म्हणूनच साध्या जेनेटिक टेस्टमधे हे दिसत नाही, तिथे अक्षरं वाचतात आणि अक्षरं तर बरोबरच असतात. त्यासाठी डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात, त्यात मिथाइल नसलेला सी बदलून जातो आणि मिथाइलवाला तसाच राहतो, मग दोघांतला फरक वाचता येतो.

आता मुख्य गोम. अक्षरं सगळ्या पेशींत सारखी असतात, मिथाइलेशन नसतं. लिव्हरची पेशी वेगळी, डोळ्याची वेगळी, रक्तातली वेगळी, ती वेगळी असण्याचं एक मोठं कारणच हे की कुठले जीन बंद आणि कुठले चालू याचा साचा प्रत्येकीचा निराळा. काकांच्या मायलोमाच्या पेशी बसल्यात हाडांच्या आत, मॅरोमधे. दंडातल्या रक्तात त्या असल्याच तर अगदी थोड्या. जांभळ्या ट्यूबमधून जो डीएनए निघतो तो बहुतेक सगळा न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचा, आणि थुंकीतला म्हणाल तर त्याच पांढऱ्या पेशी अधिक गालाच्या आतल्या पेशी. म्हणजे कुलपं मोजायची होती आमच्या वाडीतली आणि हे मोजून आले पलीकडच्या गावची. मॅरोचं सॅम्पल घ्यायचं, त्यातून सीडी१३८ हे मार्कर असलेल्या प्लाझ्मा सेल वेगळ्या काढायच्या आणि मग त्यांचं मिथाइलेशन बघायचं, असं केलं तर त्याला काही अर्थ. रिसर्चवाले तसंच करतात. रिपोर्टात सॅम्पलचा प्रकार शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, पद्धत कुठली ते नाही, कट-ऑफ कुठून आणला ते नाही.

काउन्सेलरचा कॉल आला तेव्हा मी स्पीकरवर घेतला. बोलायला गोड होत्या बाई, अर्धं हिंदी अर्धं इंग्लिश, काकांना काही कळेना म्हणून मीच विचारलं की मॅडम, हे मिथाइलेशन कुठल्या पेशींचं मोजलंत? त्या म्हणाल्या, डीएनए तो हर सेल में सेम होता है. बस, तिथेच मला कळलं. मी म्हटलं अक्षरं सेम असतात हो, पण तुम्ही अक्षरं विकत नाही आहात ना, तुम्ही कुलपं विकताय. तर त्या पुढच्या पॉइंटवर गेल्या.

बरं, समजा सॅम्पल बरोबर असतं तरी लाल काट्याचा अर्थ ‘उच्च धोका’ असा सरसकट लावता येत नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. दुरुस्ती बंद पडली की पेशीत चुका साठत जातात, कॅन्सर पुढे सरकायला ते सोयीचं, हे खरं. पण काही औषधं डीएनएवरच घाव घालतात. मायलोमात स्टेम सेल ट्रान्सप्लांटच्या आधी मेल्फलान देतात ते याच जातीचं, डीएनएच्या धाग्यांना गाठी मारतं. ज्या कॅन्सर पेशीची दुरुस्तीच बंद आहे तिला तो घाव निस्तरायला जड जाणार. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या ट्यूमरमधे तर हे पक्कं झालेलं आहे, तिथे एमजीएमटी जीन मिथाइलेशनने बंद असेल तर टेमोझोलोमाइड जास्त चांगलं लागू पडतं, २००५ पासून हे माहिती आहे आणि डॉक्टर ही टेस्ट खरोखर करतात, ट्यूमरच्या तुकड्यावर, दंडातल्या रक्तावर नाही. तिथे ‘बंद’ ही चांगली बातमी असते! मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधेही एमएलएच१ बंद आहे का बघतात, त्यावरून पुढची दिशा ठरते. म्हणजे कुठला जीन, कुठला कॅन्सर, कुठलं औषध, हे तिन्ही सांगितल्याशिवाय लाल आणि हिरवा याला काही अर्थच नाही, आणि रिपोर्टात औषधाचं नावही नाही, कारण फॉर्मवर त्यांनी विचारलंच नव्हतं. मायलोमात अशा टेस्टवरून इलाज बदलायची पद्धत अजून नाही.

आणि गंमत अशी की काकांच्या मायलोमातलं खरंखुरं एपिजेनेटिक काय ते त्यांच्या फाइलमधे आधीपासून पडलेलंय. मुंबईच्या फिश टेस्टमधे (मॅरोतल्या पेशींच्या क्रोमोझोममधली तुटफूट बघणारी टेस्ट) टी ४;१४ निघाला होता, म्हणजे ४ आणि १४ नंबरच्या क्रोमोझोमचे तुकडे एकमेकांच्या जागी गेलेत. साधारण १५ टक्के पेशंटमधे हे असतं. त्याने होतं काय की एनएसडी२ नावाचा जीन सुटतो आणि भरमसाट चालतो, आणि त्याचं काम काय तर डीएनए ज्या हिस्टोन प्रोटीनवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावर मिथाइलच्या खुणा मारत सुटायचं. त्यामुळे कुठले जीन चालू, कुठले बंद याचं सगळं वेळापत्रकच बदलतं. पूर्वी हे निघालं की डॉक्टर तोंड पाडायचे, बोर्टेझोमिब आल्यापासून परिस्थिती सुधारली, आणि काकांना ते चालू आहेच. या चकचकीत रिपोर्टात याबद्दल एक ओळ नाही, कारण हे रक्तात दिसणारच नव्हतं.

दादाने फोनवर एक प्रश्न बरोबर विचारला, की कुलूपच आहे तर ते उघडायचं औषध नाही का? आहे, ॲझासिटिडीन आणि डेसिटाबीन, मिथाइल काढायचं काम करतात, पण ती वापरतात एमडीएस आणि एएमएल या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरमधे, मायलोमात नेहमीच्या इलाजात ती नाहीत. दुसऱ्या प्रकारचं, हिस्टोनवरच्या खुणांवर काम करणारं पॅनोबिनोस्टॅट २०१५ मधे अमेरिकेत मायलोमासाठी मंजूर झालं होतं, नंतर तिथल्या बाजारातून काढून घेतलं. आणि ही औषधं कुठला जीन उघडायचा हे निवडत नाहीत, दिसेल ते उघडतात.

आता पावडर. हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे.

डब्यावर ‘मिथाइल बॅलन्स, १०० टक्के नॅचरल’. मागे बी१२, फोलेट, हळद, आणि ग्रीन टीचा अर्क, त्यातलं ईजीसीजी किती मिलिग्रॅम तेसुद्धा अभिमानाने छापलेलं. तर बोर्टेझोमिब घेणाऱ्या माणसाला नेमकं हेच चालत नाही. या औषधाच्या रेणूत बोरॉनचा गट असतो, त्याच्याच जोरावर ते काम करतं, आणि ग्रीन टीतलं ईजीसीजी त्या बोरॉनलाच जाऊन धरतं. २००९ मधे हे प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दाखवलं गेलं, औषधाचा कॅन्सर मारायचा परिणामच अडला. तेव्हापासून ग्रीन टीचे अर्क टाळा असं पेशंटना सांगतात. म्हणजे इकडे काका पोटावर सुई घेणार, हातापायाला मुंग्या सहन करणार, आणि तिकडे सकाळी कोमट पाण्यातून त्याच औषधाला पकडून ठेवणारी वस्तू पिणार, तीही मुलाने प्रेमाने पाठवलेली. काउन्सेलर बाईंना मी विचारलं, पेशंट बोर्टेझोमिबवर आहे, चालेल का? ‘मॅम, नॅचरल है, कोई साइड इफेक्ट नहीं.’ औषधाचं नाव त्यांनी परत विचारलंसुद्धा नाही.

मी डब्याचा मागचा फोटो मुंबईच्या डॉक्टरांना पाठवला. उत्तर आलं, हे बंद, ग्रीन टी बंद, व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या पण नकोत. काका घाबरले, “आता चाय पण बंद काय गो?” साध्या चहाला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तेव्हा कुठे माणसाच्या जिवात जीव आला. काकीचं वेगळंच, “पावडर नको तर नको, पण डबो माका दी, साखर ठेवूक बरो आसा.” डबा खरंच चांगला आहे, घट्ट झाकणाचा, त्याचा अर्धा स्टार द्यायला हरकत नाही.

ज्यांच्या घरी हाच आजार आहे त्यांनी एवढ्या पैशात काय करावं असं मला विचारलंत तर रक्तातलं मायलोमाचं प्रोटीन शोधणाऱ्या टेस्ट, म्हणजे सीरम इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन, फ्री लाइट चेन म्हणजे कॅपा-लॅम्ब्डा, आणि सुरुवातीला मॅरोवर फिश झाली नसेल तर ती, यात पैसे घाला, यावर डॉक्टर खरोखर निर्णय घेतात. फिशसाठी मॅरोचं सॅम्पल हिरव्या बुचाच्या ट्यूबमधे लागतं आणि ते ताजं पोचावं लागतं, गावातून पाठवायचं असेल तर लॅबला वार विचारून घ्या, शनिवारी पाठवून रविवारभर कुरिअरच्या गोडाऊनमधे पडलेलं सॅम्पल काय कामाचं. हाडांचं झोलेड्रोनिक ॲसिड सुरू करायच्या आधी दात दाखवून घ्या, ते पण या पैशात होईल. आपल्याकडचे बरेच जण गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला जातात, बरेच मुंबईला, कुठेही जा पण फाइल एकच ठेवा आणि प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, बिल झाल्यावर नाही.

स्टार द्यायचे तर कलेक्शनला पाचपैकी पाच, त्या मुलाबद्दल कंपनीला वेगळा मेल पण टाकला. काउन्सेलिंगला एक, आवाज गोड म्हणून. रिपोर्टला शून्य. पावडरला शून्याच्या खाली देता येत नाही, नाहीतर दिलं असतं. एवढं होऊन दादाला मी काही बोलले नाही, त्यानेच मागाहून कंपनीला फोन लावून चांगलं झाडलं. पावडरचे म्हणून थोडे पैसे परत आले (फ्री होती म्हणे, मग परत कसले केले ते त्यांनाच ठाऊक), टेस्टचे मात्र मिळणार नाहीत, कारण ‘सॅम्पल प्रोसेस झालेलं आहे’. ते खरंच आहे म्हणा, काकांचे न्यूट्रोफिल अगदी व्यवस्थित प्रोसेस झाले.